साठ टक्के

सांगलीतल्या ज्या कॉलेजात प्रबुद्ध लॅब असिस्टंट होता, तिथं जुनी यंत्रं मोडीत काढायचं चाललं होतं. त्यातला एक लॅपटॉप त्यानं रीतसर विचारून घरी आणला. स्क्रीनच्या कोपऱ्यात डाग पडलेला, दोन बटणं निखळलेली, पण आतून धडधाकट.

"आता हे कशाला?" प्रियदर्शनीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं. "एक आहे की घरात."

"आपल्यासाठी नाही. गावाला न्यायचाय. आईसाठी."

प्रियदर्शनी हसायला लागली आणि तशीच थांबली. सासूबाईंचं काय होऊन बसलंय ते तिला चांगलं माहीत होतं.

गाव म्हणजे माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं माळावर वसलेली एक वाडी. तिथं प्रबुद्धचे आईवडील दोघंच राहत. वडील धोंडीबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, यांचं सगळं आयुष्य मुंबईला गोदीत गेलं होतं. निवृत्त होऊन ते घरी आले, आणि थोड्याच काळात प्रबुद्धच्या आईला, आक्काताईला, विसर पडायला लागला. सुरुवातीला आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मग माणसांची नावं गेली. मग दुपार कलली की ती घरातनं बाहेर पडायला लागली.

कुठं जाते ते लवकरच कळलं. प्रबुद्ध दहिवडीला हायस्कुलात होता तेव्हा संध्याकाळच्या एसटीनं परत यायचा. फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता निर्मनुष्य, म्हणून आक्काताई रोज फाट्यावर त्याला न्यायला जायची. आताही ती त्यालाच आणायला निघायची. अंगावर असेल ते लुगडं, पायात कधी चप्पल असायची, कधी नाही. कुणी हटकलं तर म्हणायची, "पोरगं यायचं झालंय. अंधार पडंल."

त्या दोघांना सांगलीला आणून बघितलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आक्काताई दिवसभर दाराला हात लावून उभी राहायची आणि रडायची. शेवटी आबाच म्हणाले, "प्रबुद्धा, हितं ती खंगून जाईल. आमाला आपलं गावाकडं सोड."

म्हणून हा लॅपटॉप.

प्रबुद्धनं तो आबांच्या घरात देवळीशेजारच्या फळीवर ठेवला. दाराच्या चौकटीत एक छोटं चुंबकाचं बटण बसवलं आणि त्याची वायर लॅपटॉपला जोडली. एक स्पीकर, सिमकार्डाचं डोंगल, आणि दाराकडं तोंड केलेला एक कॅमेरा. दार उघडलं की तिकडं सांगलीत त्याच्या फोनवर निरोप यायचा, आणि इकडं स्पीकरमधून प्रबुद्धचाच आवाज निघायचा. सगळं लॅपटॉपच्याच विजेवर चालायचं, त्यामुळं लाइट गेली तरी अडत नव्हतं. बॅटरी संपेपर्यंत तो जागा.

"ह्याला काय म्हंत्यात?" आबांनी विचारलं.

"सर्व्हर, आबा. म्हणजे कायम जागा राहणारा. कुणी हाक मारली की ओ देणारा."

"म्हंजे वाचमन."

"व्हय. वाचमनच."

आवाजाचं मात्र पहिल्यांदा जमलं नाही. "आई, मी आलोय, तू घरातच थांब," असं त्यानं स्वच्छ रेकॉर्ड केलं होतं. आक्काताईनं ते ऐकलं, रेडिओ लागलाय असं समजून ती सरळ बाहेर पडली. प्रियदर्शनी म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी असं बोलता का कधी? घरी बोलता तसं बोला." मग तो फोन तोंडाजवळ धरून अंगणात गेला आणि म्हणाला, "आये, मी आलुया गं. तू कुटं जाऊ नगंस. बस घरातच, आलुच मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काताईनं दार उघडलं. आवाज आला. ती थबकली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि मागं वळून चुलीपाशी जाऊन बसली. कॅमेऱ्यात ते सगळं दिसत होतं. प्रबुद्धनं सांगलीत लॅबमध्ये बसून ते बघितलं आणि त्याला आनंद झाला. मग ती तशीच बसून राहिली, दाराकडं तोंड करून, संध्याकाळपर्यंत. तेही त्यानं बघितलं.

तरीही जमून गेलं होतं. पुढं एक वर्ष जमत राहिलं. आक्काताई उठायची, दार उघडायची, पोराचा आवाज ऐकून परत बसायची. आबांना बाजारहाट करता यायला लागला, विहारात चार माणसांत जाऊन बसता यायला लागलं.

मग उन्हाळ्यात एक दिवस आबांचा फोन आला. "प्रबुद्धा, तुजं मशीन पोटुशी राहिलंय."

"काय झालंय?"

"पोट वर आलंय त्याचं. फळीवर नीट बसंना झालंय."

प्रबुद्ध पुढच्या रविवारी गेला. लॅपटॉपचा खालचा पत्रा फुगून वाकला होता, बोट फिरवायची पट्टी उचलली गेली होती. आतली बॅटरी उशीसारखी टम्म झाली होती. त्यानं श्वास रोखून स्क्रू काढले, बॅटरी सुटी केली आणि लांब माळावर वाळूनं भरलेल्या घमेल्यात नेऊन ठेवली. आबा लांबून बघत होते. "एवढं काय हाय त्यात?"

"पेट घेऊ शकती आबा."

"आन् ही रोज हिथं शेजारी बसत हुती," आबा आक्काताईकडं बघत म्हणाले.

दोष कुणाचाच नव्हता. चार्जर चोवीस तास लावलेला, बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली, वर पत्र्याचं छप्पर आणि माणचं ऊन. भरून ठेवलेली बॅटरी गरमीत लवकर खराब होते, हे प्रबुद्धला नंतर वाचून कळलं. बॅटरीशिवाय लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवून बघितला, पण लाइट एवढीशी लवली तरी तो बंद पडायचा आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच राहायचा. त्या आठवड्यात आक्काताई दोनदा फाट्यावर सापडली. एकदा तर मधल्या वस्तीवरच्या बिराप्पानं आपली मेंढरं रस्त्यावरच सोडून तिला हाताला धरून घरी आणलं.

त्या मॉडेलची बॅटरी आता निघत नव्हती. सांगलीतल्या दुकानदारानं कुठून कुठून विचारून तशीच बसणारी एक मिळवून दिली. "जपून वापरा," तो म्हणाला. "परत मिळेल असं धरून चालू नका."

त्यामुळं प्रबुद्धनं ती जपायला घेतली. चार्जिंग साठ टक्क्यांवर थांबायचं, पन्नासच्या खाली उतरलं की पुन्हा सुरू व्हायचं, असं त्यानं लॅपटॉपमध्येच बसवून टाकलं. फळी पत्र्यापासून खाली घेतली, लॅपटॉपखाली दोन फरशीचे तुकडे घालून हवा खेळती केली. झाकण उघडं ठेवायचं, वर टॉवेल टाकायचा नाही, शेजारी चूल पेटवायची नाही. आबांनी सगळं ऐकलं. "हिच्यापरीस ह्याचंच पथ्य जास्ती हाय," ते म्हणाले.

पण साठ टक्क्यांत एक मेख होती. बॅटरी टिकायला साठ चांगले, लाइट गेल्यावर मात्र साठच हाताशी. शंभर असते तर आणखी दीड-दोन तास निघाले असते. प्रबुद्धला ती ओढाताण रोज छळायची. वादळाचा इशारा आला की तो सांगलीत बसून मर्यादा उठवायचा, बॅटरी पूर्ण भरू द्यायचा, आणि आभाळ निवळलं की पुन्हा साठवर आणायचा. दुसरीही एक गोष्ट करायला हवी होती. अशी अर्धवट भरलेली बॅटरी अधूनमधून पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी लागते, नाहीतर स्क्रीनवरचा आकडा खोटा पडायला लागतो. पण रिकामी करायची म्हणजे तेवढा वेळ पहारा बंद. तो वेळ कुठनं आणायचा? कधी आबा आजारी, कधी ह्याला रजा नाही. आणि गावी गेला की आईजवळ बसावं वाटायचं, यंत्राशी खेळत नव्हे.

दिवाळीत तो गेला होता तेव्हाची गोष्ट. तो अंगणात पाय धूत होता. आक्काताईनं आतून दार उघडलं आणि स्पीकर बोलला, "आये, मी आलुया गं." प्रबुद्ध समोरच उभा होता, ओल्या पायांनी. तो हसून म्हणाला, "आये, मी हितं हाय की!"

आक्काताईनं त्याच्याकडं बघत ओठांवर बोट ठेवलं. "गप ऱ्हावा जरा, पावनं. पोरगं बोलतंय."

आवाज संपेपर्यंत ती कान देऊन उभी राहिली. मग वळून आत गेली. प्रबुद्ध पायरीवर बसला. जेवताना तिनं त्याला ओळखलं, भाकरी वाढली, वाळलास म्हणाली. पण तो दुपारचा क्षण त्यानं प्रियदर्शनीलाही बराच काळ सांगितला नाही.

वाडीची डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली ती एप्रिलमध्ये.

त्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होती, बाहेरून परीक्षक आलेले. प्रबुद्धला लॅब सोडता येत नव्हती, फोन मात्र टेबलाच्या खणात उघडा ठेवलेला. सकाळी उशिरा निरोप आला: चार्जर बंद, बॅटरी एकावन्न टक्के. म्हणजे साठवरून उतरत उतरत पन्नासच्या काठाशी आली होती, आता भरायला लागली असती, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.

त्यानं मनाशी हिशेब केला. दोन तास तरी निघतील. एवढ्यात येईल लाइट. पण आबांचा फोन आला, "डीपी जळाली रं. मोठ्ठा आवाज झाला. आख्ख्या वाडीची लाइट गेलीया."

"बोर्डात कळवलं का?"

"फोन कुनी उचलंना. मागच्या टायमाला चार रोज लागलं हुतं."

लॅबमध्ये एक मुलगी हात वर करून बसली होती, तिचा कॉम्प्युटर अडला होता. प्रबुद्ध तिला खूण करत भिंतीकडं वळला. "आबा, कुणाची तरी गाडी घेऊन बोर्डाच्या ऑफिसात समक्ष जाऊन या. समोर माणूस बघितलं की हलत्यात. नाहीतर रात्रीचं काय करायचं?"

"आन् हिच्यापाशी?"

प्रबुद्धनं खणातल्या फोनकडं बघितलं. बेचाळीस टक्के. "लॅपटॉप चालू हाय अजून. तासभर आरामात जातो. तुमी तंवर येताय. रंगूबाईला सांगून जावा एक चक्कर टाकायला."

रंगूबाई शेजारच्या घरातली. आबा तिला सांगून विहाराजवळच्या एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाले. प्रबुद्धनं कॅमेऱ्यात बघितलं. आई भिंतीला टेकून बसली होती, पदरानं वारा घेत होती. पंखा बंद होता. तो पुन्हा परीक्षेत शिरला.

एकोणतीस टक्के दिसले तेव्हा परीक्षक त्याच्याशी बोलत होते. त्यानंतर त्यानं बघितलं तेव्हा बावीस. आबांना फोन लावला.

"हितंच हाय," आबा म्हणाले. "सायब जेवाय गेल्यात. बसा म्हनलेत."

"आबा, तुमी निघा आता. राहू द्या ते."

"आरं आलोय तर भेटूनच—"

"निघा!"

तो एवढ्या मोठ्यानं बोलला की लॅबमधली पोरं मान वर करून बघायला लागली. त्यानं पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं. एकोणीस टक्के. आई उठून उभी राहत होती. कॅमेऱ्याच्या चौकटीत तिचे पाय, मग नुसता पदर दिसला. आणि चित्र गोठलं.

त्याला वाटलं रेंज गेली. त्यानं पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. सर्व्हर ओ देत नव्हता. एकोणीस टक्के म्हणजे अजून अर्धा तास हवा होता. मग त्याच्या लक्षात आलं, तो आकडाच खरा नव्हता. बॅटरी एकोणीसवरून थेट शून्यावर कोसळली होती. जी बॅटरी कधी पूर्ण रिकामी होऊ दिली नाही, तिला आपल्यात किती उरलंय ते ठाऊकच नव्हतं.

दार उघडल्याचा निरोप आला नाही. येणारच नव्हता.

त्यानं रंगूबाईला फोन लावला. फोन वाजत राहिला. चौथ्यांदा लावल्यावर ती धापा टाकत बोलली, "आवं, म्या आत्ताच जाऊन आले, बसल्या हुत्या की चांगल्या."

"आता परत जावा, मावशी. आत्ता. फोन चालूच ठेवा."

चपलांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, मग रंगूबाईची हाक. "आक्काताई! ओ आक्काताई!" थोडा वेळ काहीच नाही. "दार सताड उघडं हाय रं बाबा. आत कुनी न्हाई."

प्रबुद्ध परीक्षकांजवळ गेला. काय सांगितलं ते त्याला नंतर आठवलं नाही. त्यांनी नुसतं "जा, जा" म्हटलं एवढं आठवत होतं. तो मोटारसायकल काढून निघाला.

सांगलीहून माण म्हणजे विटा, मायणी, मग पुढं. तासगावच्या बाजूला रस्त्याच्या कडेनं बेदाण्याच्या शेडवर हिरवी कापडं हलत होती आणि त्याला त्यातलं काहीच नीट दिसत नव्हतं. ऊन अंगावर येत होतं. तो थांबून थांबून फोन लावत होता. आबा वाडीत पोचले होते. चार माणसं फाट्याकडं गेली होती. फाट्यावर कुणी नव्हतं. चहाच्या टपरीवाल्यानं कुणी म्हातारी बघितली नव्हती. विहिरीत डोकावून झालं होतं. पाझर तलाव कोरडाच होता, तरी तिथंही माणूस गेला होता.

"तू हळू ये," आबा प्रत्येक वेळी म्हणायचे. "सापडंल ती. तू हळू ये."

विट्यात त्यानं एका झाडाखाली गाडी लावली आणि उगाच सर्व्हर उघडून बघितला. प्रतिसाद नाही. बाटलीतलं गरम पाणी प्यायला, आणि आईनं सकाळपासून पाणी प्यायलं असेल का हा विचार आल्यावर उरलेलं त्याच्यानं गिळवेना. गाडी पळवण्यापलीकडं त्याच्या हातात काही नव्हतं. ती जास्त पळतही नव्हती.

मायणीच्या पुढं बिराप्पाचा फोन आला. "प्रबुद्धा, ही नव्या फाट्यावर हुडकत्यात रं सगळी. तुज्या शाळंच्या टायमाला एसटी कुटं थांबायची?"

प्रबुद्धच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. मोठा रस्ता झाला तेव्हा फाटा सरकला होता. जुना थांबा वाडीच्या दुसऱ्या अंगाला होता, जुन्या वाटेवर, जिथं आता काही उरलं नव्हतं. आजवर ती नव्या फाट्यावर जायची, कारण पायाखालची रुळलेली वाट तीच होती. आज तीही विसरली असणार. "मामा, पलीकडं! जुन्या रस्त्यावर! खडीच्या ढिगापाशी!"

"चाललो बग."

बिराप्पालाच ती सापडली. थांब्याजवळची चिंच रस्त्याच्या कामात गेली होती. सावलीचा पत्ता नव्हता. खडीच्या ढिगाला टेकून आक्काताई बसली होती, अनवाणी. ओठ फुटलेले, अंग कोरडं आणि तापलेलं. बिराप्पानं आपलं घोंगडं तिच्यावर धरून सावली केली आणि हाका मारल्या. ती म्हणाली, "यष्टी गेली का रं?" आणि मग काही बोलली नाही.

प्रबुद्ध थेट दहिवडीच्या दवाखान्यात पोचला तेव्हा तिला सलाईन लावलं होतं. आबा बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून. त्याला बघून उठले आणि परत बसले.

"मी गेलो नसतो तर," ते म्हणाले.

"मीच पाठवलं तुमाला."

"तू तरी काय करणार हुतास?" आबांनी विचारलं. तो खरोखरीचा प्रश्न होता. प्रबुद्ध त्यांच्या शेजारी बाकावर बसला.

डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय, वय आहे, किडनीवर ताण आलाय, बघू. पुढचे काही दिवस ते बघूच राहिले. प्रियदर्शनी सांगलीहून आली, सासूबाईंच्या तळव्यांना मलम लावत बसली. आक्काताई वाचली. तिला घरी आणलं तेव्हा ती भिंतीला धरून चालायची, कमी बोलायची, आणि तरीही दुपार कलली की उठायची.

नवी डीपी बसली होती. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला होता. पहिल्या दुपारी आक्काताई दाराशी गेली, प्रबुद्ध आतल्या खोलीतून बघत होता. स्पीकर बोलला, "आये, मी आलुया गं. तू कुटं जाऊ नगंस." ती थांबलीसुद्धा नाही. आवाज तिच्या पाठीमागं बोलत राहिला आणि ती उंबरा ओलांडून गेली. प्रबुद्धनं धावत जाऊन तिला धरलं.

त्यानं आवाज मोठा करून बघितला. नवीन बोलून बघितलं. आबांच्या आवाजात, प्रियदर्शनीच्या आवाजात. ती एकदा कावरीबावरी होऊन आढ्याकडं बघायला लागली, घरात कोण शिरलंय म्हणून भेदरली. तेव्हा आबांनीच स्पीकरची वायर ओढून काढली.

"पुरं आता," ते म्हणाले.

त्याची रजा संपत आली होती. सांगलीला न्यायचं म्हटलं तर तिथला जिना आणि तिचं ते रडणं आठवायचं. दिवसभर राहायला बाई ठेवावी म्हणून त्यानं आसपास विचारलं, पण वाडीतल्या बायका सगळ्या शेतावर जाणाऱ्या, स्वतःला कोण बांधून घेणार? रंगूबाई म्हणाली, "मी हाय की," आणि तीच सत्तरीची होती. संध्याकाळी आबा अंगणात येऊन त्याच्याजवळ बसले.

"बाहीरनं कडी लावून घेऊ," ते म्हणाले. "मी बाजारात गेलो तर. आंगोळीला गेलो तर. तेवढ्यापुरती."

प्रबुद्धनं दाराच्या चौकटीतल्या त्या छोट्या बटणाकडं बघितलं.

"मला बी बरं वाटत न्हाई रं. मी मुंबईला असताना हिनं एकटीनं हे घर उघडं ठेवलं. कवा बी या, दार उघडंच." आबांनी तोंड फिरवलं. "पर खडीवर बसलेली बघवली न्हाई मला."

सकाळी तो दहिवडीला जाऊन कडी-कोयंडा घेऊन आला. ड्रिल नव्हतं, बिराप्पाकडून गिरमिट आणलं. दार जुनं सागवानी, भोक पडायला वेळ लागत होता. तो बाहेरच्या बाजूला उकिडवा बसून गिरमिट फिरवत होता, आबा दार धरून उभे होते. आतून आक्काताई आली आणि उंबऱ्यावर बसली. तिनं त्याच्या शेजारी सांडलेले स्क्रू एक एक करून उचलले, ओंजळीत धरले आणि त्याला हवा तेव्हा एकेक काढून द्यायला लागली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "चांगली घट बसवा."

प्रबुद्धचा हात थांबला.

"आमच्या घरात म्हातारी हाय," ती हळू आवाजात, आत कुणाला ऐकू जाऊ नये अशी, सांगायला लागली. "सासू माजी. डोकं गेलंय बिचारीचं. कवा बी भाईर पडती. परवा उनात कुटं बसली हुती म्हनं. लय हाल झालं." तिनं पुढचा स्क्रू दिला. "मला एकटीला हुईत न्हाई. मालक मुंबईला, पोरगं शाळंला."

आबांनी दारावरचा हात काढला नाही. ते दुसरीकडं, माळाकडं बघत राहिले.

"व्हय, बसवतो घट," प्रबुद्ध म्हणाला.

"आन् तिला वंगाळ वाटू देऊ नगासा. कडी हाय म्हनून सांगू नगा."

"न्हाई सांगत."

शेवटचा स्क्रू बसला. त्यानं कडी लावून बघितली, काढली, पुन्हा लावली. बसत होती. आक्काताईनं उठून त्याच्यासाठी चहा ठेवायला सांगितला, कुणाला ते कळलं नाही, म्हणून प्रियदर्शनीनं ठेवला. पाव्हण्यापुढं ठेवावी तशी कपबशी त्याच्यासमोर ठेवत आक्काताईनं गाव विचारलं.

"सांगली," तो म्हणाला.

"लांबनं आलासा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि प्रियदर्शनी निघाले. आबा बाजाराची पिशवी घेऊन वाटेपर्यंत आले होते. ते वळून घराकडं गेले, दार लोटलेलं होतं, आणि बाहेरच्या कडीचा आवाज गाडी सुरू होण्याआधी ऐकू आला.